डाव्या हाताचा विळा

त्या दिवशी आभाळ अगदी निवळ होतं. पाऊस उलगडून पंधरा दिवस झाले होते. पहाटे दव पडलं होतं, आणि ऊन चढलं तसं ते कधी विरलं ते कळलंही नाही. वारा थांबून थांबून येत होता. आला की भाताच्या खाचरांतून आवाज उठायचा. हिरवं भात वाऱ्यानं नुसतं हलतं, पिकलेलं भात वाजतं. त्या सकाळी सगळं शिवार वाजत होतं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक लोहार होता. त्याचं नाव येसबा. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिलेली. पण लोखंड वाचावं तर येसबानंच. तापलेल्या पात्याचा रंग बघून तो सांगायचा, हे आता वाकेल, हे आता मोडेल. बायको रखमा भाता ओढायची आणि येसबा ऐरणीपाशी बसायचा. अशी तीस वर्षं गेली होती.

त्याचे दातेरी विळे आसपासच्या चार गावांत नावाजलेले होते. विळ्याला दाते पाडायचं काम मोठं किचकट. पातं आधी लाल करायचं, मग राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं, म्हणजे ते मऊ पडतं. मग बारीक छिन्नी तिरपी धरून हातोडीचा एकेक टोला. एक टोला, एक दाता. वितीभर पात्यावर साठ दाते. सगळे सारखे, सगळे मुठीकडे झुकलेले. मग पुन्हा पातं तापवून पाणी द्यायचं, म्हणजे दाते कडक होतात.

कुणी विचारलं, “येसबा, एवढा खटाटोप कशाला? नुसती धार लावली तर कापत न्हाई व्हय?” तर तो हातातलं काम खाली ठेवून सांगायचा. त्याला घाई नसायची.

“अरे, भाताची काडी गुळगुळीत. नुसती धार तिच्यावरनं घसरती. घसरली की माणूस हिसका देतो, आणि हिसका बसला की लोंबीतले दाणे झडतात. दाते असले म्हणजे काय होतं? पहिला दाता काडीत जरासा रुततो, आपला बारीक घास घेतो आणि बाजूला होतो. मग दुसरा. मग तिसरा. कुणा एकावर भार न्हाई. काडी कापली कधी ते लोंबीला कळतसुदिक न्हाई.”

एवढं सांगून तो बाहेरच्या गवतावरचा एखादा नाकतोडा दाखवायचा. नाकतोडा पान कसं खातो? कडेला तोंड लावतो आणि करवतीनं कापावं तसं कापत जातो, कारण त्याच्या जबड्याला दातेरी कडा असते. घाटाखालून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाईनं त्याला एकदा मुशीचा, म्हणजे समुद्रातल्या शार्क माशाचा, एक दात दिला होता. तो भट्टीच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला असे. नखाएवढा दात, पण त्याच्या कडेवरून बोट फिरवलं की बारीक दाते लागायचे. “दाताला आणि दाते,” येसबा हसून म्हणायचा. “देवानंपण नुसत्या धारेवर भागवलं न्हाई.”

आता त्या गावात एक रीत होती. कापणीच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं नव्या विळ्यानं कापलेल्या पहिल्या मूठभर लोंब्या दुपारी आणून लोहाराच्या ऐरणीवर ठेवायच्या. त्या दिवशी ऐरणीवर घाव पडत नसे. ती भातानं झाकून जायची. लोहार त्या मुठींना हळदकुंकू वाहायचा, आणि मग विळा त्या घरचा झाला असं समजायचं.

कापणी तोंडावर आली की येसबाला जेवायला वेळ मिळत नसे. त्या वर्षी तर पाटलांनी एकदम पंधरा विळे सांगितले होते. त्यातच कापणीच्या दहा दिवस आधी हौसाबाई आली.

हौसाबाई पन्नाशीची. नवऱ्याचे गुडघे धरलेले, तो घरी बसून दोऱ्या वळायचा. ओढ्यापलीकडे त्यांची दोन खाचरं होती. लावणीपासून कापणीपर्यंत सगळं ती एकटी करायची, आणि करताना बडबड करायची. ती डावखुरी होती. गावात तिला हौसा डावरी म्हणत. तिच्या माहेरच्या लोहारानं लग्नात तिला डाव्या हाताचा विळा करून दिला होता. तो इतकी वर्षं पुरला होता.

“भावजी,” ती म्हणाली, “माहेरचा विळा मोडला. माझ्या हाताचा एक करून द्या.”

“तुमचा हात म्हणजे गावावेगळा, वहिनी.”

“हात देवानं दिलाय, विळा तुम्ही द्यायचा. आता तुमचं नि देवाचं काय ते बघून घ्या.”

येसबा हसला आणि हो म्हणाला.

डाव्या हाताच्या विळ्यात काय एवढं वेगळं? वेगळं असतं. विळ्याला दाते एकाच अंगानं पाडतात आणि दुसरं अंग सपाट ठेवतात. उजव्या हातात विळा धरला की सपाट अंग जमिनीकडे राहतं, आणि पातं काडीच्या बुडाशी सरळ शिरतं. तोच विळा डाव्या हातात घेतला की पातं उलटं होतं. सपाट अंग वर येतं. मग पातं काडीत शिरायचं सोडून काडीवरून वर चढतं. मुठीचंही तसंच. बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून मूठ जराशी वर उचललेली असते. हात बदलला की तीही खाली जाते.

येसबानं हौसाबाईचं पातं शेवटी घेतलं. तोवर पाटलांचे पंधरा विळे झाले होते, बाकीच्यांचे वीस झाले होते. त्याच्या हाताला एकाच अंगाचं वळण लागून बसलं होतं. त्यानं पातं उलटं धरलं आणि छिन्नी लावली. पहिला दाता वाकडा पडला. दुसरा वाकडा. तिसऱ्याला छिन्नी निसटली. ते पातं त्यानं बाजूला टाकलं.

कोपऱ्यात एक जादा विळा पडला होता. साधा, उजव्या हाताचा, दाते पाडून पाणी दिलेला. येसबानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं त्याचं मुठीकडचं टोक तापवलं, उलट्या बाजूला वाकवलं आणि मूठ बसवली. झाला डाव्या हाताचा विळा. हातात घेतला तर कुणालाही वाटावं, डाव्याच हाताचा आहे. दाते मात्र भलत्या अंगाला होते. पण दाते कोण बघतो? ‘कापल्याशी कारण,’ असं येसबा मनात म्हणाला आणि विळा फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी हौसाबाई तो आनंदानं घेऊन गेली.

आणि मग ही कापणीच्या पहिल्या दिवसाची निवळ सकाळ उजाडली.

दुपारी माणसं एकेक करून भट्टीवर येऊ लागली. ऐरणीवर पिवळ्याधमक मुठी साचल्या. शेजारचा केरबा कुंभार तिथंच बसला होता. तो रोज विस्तव न्यायला यायचा, आणि विस्तव खापरीत घेतल्यावर तासभर बसायचा. तोवर विस्तव विझायचा आणि त्याला दुसरा घ्यावा लागायचा.

“लोणी कापावं तसं कापतोय,” पाटलांचा एक गडी विळा दाखवून म्हणाला.

“लोणी तू कधी बघितलंस?” केरबा म्हणाला. सगळे हसले. येसबाही हसला. ऐरण भरत चालली तसं त्याला बरं वाटत होतं.

हौसाबाई सगळ्यांच्या मागून आली. तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि नेहमीची बडबड नव्हती. तिनं आपली मूठ ऐरणीच्या कडेला ठेवली.

“उशीर झाला, वहिनी,” येसबा म्हणाला.

“हात चालंना, भावजी. सगळ्यांची अर्धी खाचरं झाली. मी अजून पहिल्याच कोपऱ्यात.”

“तोंड चालवायच्या नादात हात मागं राहिला असंल,” केरबा म्हणाला.

“तोंडाला धार लावायला लोहार लागत न्हाई, केरबाभाऊ. म्हणून ते चालतं.” ती हसली, पण थोडंसंच. मग खाली बसली आणि आपला डावा हात उजव्यानं चोळू लागली. “विळ्यात खोट न्हाई. तुमच्या हातचा हाय, खोट कशी असंल? माझंच मनगट गेलं. ओढावं तर विळा वरती चढतो. जोर लावावा तर दाणे झडतात. बुडाशी निम्मं भात सांडलंय, चिमण्या जेवायला बसल्यात.”

येसबा ऐरणीवरच्या मुठी सारख्या करू लागला.

“पुतण्या दोन वरसं म्हणतोय, काकू, खाचरं मला अर्धेलीनं द्या. चांगला पोरगा हाय. मी म्हणायची, हात चालतोय तवर न्हाई. आता चालंना, तर मग कशाला हट्ट? आज दिवस मावळायला चावडीवर बसतात सगळी. तिथं सांगून टाकते.”

त्या गावात चावडीवर चारचौघांत दिलेला शब्द कुणी परत घेत नसे. जमीन द्यायची म्हटली की ती दिली. हे येसबाला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं.

“बघा,” तो म्हणाला, “तुमची मर्जी.”

हौसाबाई उठून गेली. केरबाचा विस्तव विझला होता. त्यानं दुसरा घेतला आणि तोही गेला.

येसबानं ऐरणीवरच्या मुठींना हळदकुंकू वाहिलं. मग प्रत्येक मूठ उचलून तो काड्यांची खालची टोकं बघू लागला. दर वर्षी तो असं बघायचा. त्यात त्याला मोठं सुख होतं. सगळ्यांच्या काड्या तिरप्या, साफ कापलेल्या होत्या. शेवटी त्यानं हौसाबाईची मूठ उचलली. काड्यांची टोकं चेमटलेली होती, फाटलेली होती, जनावरानं चावून टाकल्यासारखी. आणि मूठ हलकी होती. लोंब्या निम्म्या रिकाम्या होत्या.

टोकं बघून हे ओळखणारा माणूस गावात एकच होता, आणि तो गप्प बसला होता.

रखमानं भाकरी वाढली. येसबानं एक तुकडा मोडला आणि हातातच धरून बसला.

“जेवा की,” ती म्हणाली.

“भट्टी पेटवायचीय.”

“आज? आज ऐरणीवर घाव घालत न्हाईत.”

“ऐरणीला हात लावत न्हाई. दाते लाकडाच्या ठोकळ्यावर पाडतात.”

रखमानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग भात्यापाशी जाऊन बसली.

टाकून दिलेलं ते वाकड्या दात्यांचं पातं येसबानं शोधून काढलं. कानशीनं वाकडे दाते घासून टाकले. पातं तापवलं, राखेत पुरलं, आणि ते निवेपर्यंत दाराबाहेरच्या गवताकडे बघत बसला. त्याच्या मनात एक गोष्ट चालली होती. नवा विळा करायचा. मग हौसाबाईला म्हणायचं, वहिनी, तो विळा जरा द्या, पुन्हा पाणी देतो. आणि गुपचूप बदलून टाकायचा. तिचं भात वाचेल, आपलं नावही वाचेल. कुणाला काही कळणार नाही. हा विचार त्याला फार पसंत पडला.

पातं निवलं. त्यानं ते ठोकळ्यावर उलटं धरलं, छिन्नी लावली. पहिला दाता पुन्हा वाकडा.

तो थांबला. हातोडी खाली ठेवली, उठला आणि ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. छिन्नी उजव्या हातात घेतली, हातोडी डाव्या हातात.

“हे काय उलटंच?” रखमा म्हणाली.

“एका माणसाच्या अंगानं बसून बघतोय.”

डावा हात आंधळ्यासारखा चालत होता. एक टोला अंगठ्यावर बसला. थोड्या वेळानं दुसरा. सरपण फोडायची कुऱ्हाड, पाणी ओढायचा रहाट, दाराची कडी, सगळं आपल्या हाताला बरोबर बसतं, आणि ते कुणी आपल्यासाठी तसं केलंय हे आपल्या ध्यानातसुद्धा येत नाही. हौसावहिनी जन्मभर या अंगानं जगली, आणि वर हसत राहिली. येसबाला हे आज अंगठा ठेचल्यावर कळलं.

त्यानं घाई सोडली. एक टोला, एक दाता. वाकडा पडला तर कानशीनं घासायचा आणि पुन्हा. विसाव्या दात्याला हाताला वाट सापडली. चाळिसाव्याला टोल्यांना ताल आला. साठावा दाता पडला तेव्हा ऊन कौलांवरून उतरून अंगणात आलं होतं. त्यानं पात्याला पाणी दिलं, मूठ बसवली आणि विळा घेऊन झपाझप निघाला. आधी तो ओढ्यापलीकडे गेला. खाचरात कुणी नव्हतं. बांधाजवळ थोडं भात कापलेलं होतं आणि जमिनीवर दाणे पसरले होते. दहा-बारा चिमण्या उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

तो चावडीकडे वळला.

चावडीच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. पाटील होते, म्हातारीकोतारी होती, दिवसभर कापणी करून दमलेले गडी होते. केरबा होता. हौसाबाई खाली अंगणात उभी होती, आणि तिच्याजवळ तिचा पुतण्या.

“बोल हौसा,” पाटील म्हणत होते. “काय सांगायचंय?”

“सांगायचं असं की,” ती म्हणाली, “डावरीचा हात थकला.”

“सकाळी बघितलं आम्ही,” एक गडी म्हणाला. “विळा ओढतीया का झोका घेतीया, कळत नव्हतं.” दोघं-चौघं हसले. हौसाबाईनं मान खाली घातली. तिनं मान खाली घातलेली गावानं कधी पाहिली नव्हती.

येसबाच्या हातात फडक्यात गुंडाळलेला विळा होता. तो आता हळूच बदलता आला असता. पण हौसाबाईचा शब्द तिच्या ओठांवर आला होता, आणि तो एकदा बाहेर पडला की कुठलाच विळा त्याला मागे ओढू शकला नसता.

“वहिनी, थांबा,” येसबा म्हणाला. “तुमच्या आधी मला बोलायचंय.”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. येसबाला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यानं फडकं सोडलं.

“वहिनींचा हात चांगला हाय. विळा खोटा हाय. उजव्या हाताच्या विळ्याची मी नुसती मूठ फिरवली. दाते भलत्या अंगाला हायत. मला करायचा कंटाळा आला. मला वाटलं, कुणाला कळतंय.” त्यानं नवा विळा हौसाबाईपुढे धरला. “दुपारी त्या म्हणाल्या माझं मनगट गेलं, तवाच मी सांगायला पायजे होतं. सांगितलं न्हाई.”

दुपारी लोण्याचं बोललेला पाटलांचा गडी म्हणाला, “मग आमच्या पंधरा विळ्यांचं काय? का ते पण असेच?”

हे येसबाला लागलं. पण विचारणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

“ते बरोबर हायत. तरी ज्याला शंका असंल त्यानं उद्या घेऊन या. एकेक दाता दाखवतो.”

हौसाबाई पुढे आली. तिनं नवा विळा डाव्या हातात घेतला. पात्याच्या दोन्ही अंगांवरून नख फिरवलं. मग ती ओढ्याकडे चालू लागली. तिच्यामागून पुतण्या, त्याच्यामागून येसबा, आणि मग जवळजवळ सगळी चावडी उठून गेली.

उजेड अजून होता. हौसाबाई खाचरात उतरली, वाकली, उजव्या हातात काड्यांची मूठ धरली आणि डाव्यानं विळा ओढला. करकर असा बारीक आवाज आला. मूठ तिच्या हातात आली. तिनं लोंब्यांखाली पदर पसरला आणि त्या जराशा हलवल्या, मग पदर सगळ्यांना दाखवला. पदरात एक दाणा नव्हता.

मग ती आणखी वाकली आणि कापतच सुटली. एक मूठ, दुसरी, तिसरी. पाच हात जागा मोकळी झाली तेव्हा कुठं ती उभी राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “सकाळपासनं मी माझ्याच हाताला शिव्या देतेय. त्या सगळ्या तुमच्या होत्या.”

“द्या की, वहिनी.”

“आता शिव्या देत बसू का भात कापू? सुगी होऊ द्या. मग निवांत येते भट्टीवर.”

केरबा मोठ्यानं हसला. पाटीलही हसले. मघाशी झोक्याचं बोलणारा गडी दुसरीकडे बघू लागला.

हौसाबाईनं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. “बाळा, खाचरं तुझीच हायत रे. पण माझ्या मागनं. तवर उद्या पेंढ्या उचलायला ये.”

“येतो, काकू,” तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं, पण त्यानं ते दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेंढ्या उचलायला पुतण्या आला, आणि न बोलावता येसबाही आला. झडलेले दाणे काही पुन्हा लोंबीला लागत नाहीत. जे चिमण्यांनी खाल्लं ते गेलं. पण दोन खाचरांतलं बाकीचं भात चार दिवसांत खळ्यावर आलं. हौसाबाई कापताना इतकी बोलत होती की बांधावरच्या येसबाला सगळ्या गावाची खबर मिळाली.

पुढचे आठ दिवस माणसं विळे घेऊन भट्टीवर येत राहिली. पूर्वी कुणी पात्याकडे बघत नसे. आता जो तो विळा उलटा-सुलटा करून बघायचा, नख फिरवायचा, विचारायचा. येसबा प्रत्येकाला दाखवायचा. कधी कधी त्याचे कान लाल व्हायचे. एकदा केरबाची सून आली आणि दाराशीच घुटमळली. तीही डावखुरी होती. लग्न होऊन आल्यापासून उजव्या हाताच्या विळ्यानं कापत होती, आणि सासरी बोलायचं कसं म्हणून गप्प होती. मग कुणाचा तरी भाऊ आला. मग आणखी एक बाई. येसबा ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला बसून त्यांचे विळे करू लागला. आता डाव्या हाताचा टोला अंगठ्यावर बसत नव्हता.

एका दुपारी केरबा विस्तव घेऊन बसला होता. येसबा काम करता करता म्हणाला, “केरबा, तीस वरसांचं नाव मी एका संध्याकाळी घालवलं बघ.”

केरबानं खापरीतल्या विस्तवावर फुंकर घातली. त्याला उत्तर द्यायची घाई नव्हती.

तात्पर्य: केरबा येसबाला जे म्हणाला तेच, “अरे, हत्यार ज्याच्या हातात द्यायचं त्याचा हात बघून दाते पाडावेत, आणि आपलं काम चुकलं असंल, तर दुसरा बिचारा आपल्याच हाताला दोष देत बसायच्या आत आपण होऊन सांगावं. सांगितल्यानं नाव जात न्हाई, येसबा. माझ्या सुनेनं सासरी आल्यापासनं पहिल्यांदा काही मागितलं, ते तुझ्या दारात.”